भरलेले काढता येते का? : चेहऱ्यातील कायमस्वरूपी फिलरविषयी

भाऊबीज झाली की आमच्या लाखांदूर तालुक्यात मंडईचे दिवस सुरू होतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. वैनगंगेपलीकडच्या वडशाच्या नाटक मंडळ्यांचे तंबू गावोगाव लागतात. दिवसा मंडई, रात्री नाटक. या मंडईत जिलबी आणि बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेला, एका कडेला, बॅटरीवर चालणारे यंत्र घेऊन गोंदणारा बसतो. पूर्वी गोंदणाऱ्या बाया दारोदार येत. काजळी आणि सुया एवढेच त्यांचे भांडवल. माझ्या मोठमायच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होते. ती म्हणायची, ‘‘सोनं-नानं अठीच रायते, गोंदन तेवढं संगं येते.’’

हे वाक्य मला बऱ्याच वर्षांनी वेगळ्याच प्रसंगी आठवले. आमच्याच भागातली एक बाई, पूर्वी नाटकात काम करणारी, चेहरा ओढणीत झाकून भेटायला आली. मी डॉक्टर नाही. पण वैद्यकाच्या इतिहासावर वाचत असतो, जमेल तशी टिपणे काढतो, हे तिला कुणीतरी सांगितले होते. सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात तिने गालांत इंजेक्शने घेतली होती. दिव्यांच्या झोतात गाल खोल दिसतात म्हणून. ‘‘पुन्हा पुन्हा यायला नको, कायमचंच करून देतो,’’ असे सांगण्यात आले होते. पाच वर्षे सगळे नीट होते. मग एका गालात चण्याएवढी गाठ आली, मग दुसऱ्या, मग दोन्ही गाल लाल आणि टणक. नागपुरात दाखवल्यावर पहिला प्रश्न आला, ‘‘आत काय भरलंय?’’ तिच्याजवळ एक चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख, रक्कम आणि ‘फिलर (पर्मनंट)’ एवढेच लिहिलेले. पदार्थाचे नाव नाही, कंपनीचे नाही.

तिचा प्रश्न साधा होता : भरलेले काढता येते का? या लेखात त्याचेच उत्तर शोधायचे आहे. ते ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही, आणि का देता येत नाही हे कळायला थोडे मागे जावे लागते.

मेणाचे नाक

चेहरा दुरुस्त करण्याच्या इतिहासात महाराष्ट्राचे नाव एका विलक्षण घटनेमुळे कोरले गेले आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. हा माणूस विटा घडवणाऱ्या जातीतला होता, असे इंग्रजी वृत्तान्त सांगतो. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये तसाच प्रयोग केला आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीची एक महत्त्वाची सुरुवात इथून मानली जाते.

त्या वृत्तान्तातला एक तपशील आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. त्या पुणेरी कारागिराने आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन तुटक्या नाकावर नव्या नाकाचा आकार घडवला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, त्याभोवती रेघ आखली आणि तेवढी कपाळाची कातडी सोडवून, तिचा एक देठ भुवयांच्या मध्ये शाबूत ठेवून, ती खाली वळवून नाकावर बसवली. म्हणजे मेण फक्त मापाला होते. माप झाले की त्याचे काम संपले. नाक झाले ते माणसाच्या स्वतःच्या, रक्त वाहणाऱ्या कातडीचे.

यानंतर शंभरएक वर्षांनी, १८९९ मध्ये, व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेरसुनी यांनी उलटी वाट धरली. क्षयामुळे ज्याचे वृषण काढावे लागले होते अशा एका तरुणाच्या कातडीखाली त्यांनी पेट्रोलियमपासून निघणारा मऊ पॅराफिन भरला, पोकळी भरून निघावी म्हणून. पहिला परिणाम उत्तम दिसला. पाहता पाहता पॅराफिन नाकात, गालांत, स्तनांत भरला जाऊ लागला. ना चिरफाड, ना मोठी जखम. एक सुई आणि काम झाले. पुण्यात जे मेण फक्त मापाला वापरले होते, ते आता कातडीच्या आत राहायला आले.

थोड्याच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. पॅराफिन एका जागी राहत नसे. ग्लॅडिस डीकन ही अमेरिकन सौंदर्यवती पुढे इंग्लंडात मार्लबरोची डचेस झाली. तिने विसाव्या शतकाच्या आरंभी नाकाचा पूल सरळ व्हावा म्हणून ते भरून घेतले होते. ते घसरत हनुवटीकडे उतरले आणि चेहरा कायमचा बिघडला. कुणाच्या कातडीखाली टणक गाठी झाल्या, कुणाला जखमा पडल्या. वैद्यकाने या गाठींना ‘पॅराफिनोमा’ असे नाव दिले. उपायाच्या नावावरूनच एका रोगाला नाव पडले.

तेल, मणी आणि जेल

पॅराफिन बदनाम झाला, पण कल्पना टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये द्रवरूप सिलिकॉन स्त्रियांच्या स्तनांत टोचले जाऊ लागले. यंत्रांना आणि विद्युत रोहित्रांना लागणारे हे तेल तेव्हा सहज मिळत असे. ही पद्धत अमेरिकेत पोहोचली. लास व्हेगासच्या नाचगृहांतल्या अनेक स्त्रियांनी ती करून घेतली. त्यांची दुखणी इतकी वाढली की १९७० च्या दशकात नेवाडा राज्याने असे सिलिकॉन टोचणे हा गुन्हा ठरवला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इंजेक्शनचे सिलिकॉन केवळ डोळ्याच्या आतील पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्य केले आहे. शरीराला आकार देण्यासाठी ते घेऊ नका, असा जाहीर इशारा त्यांना नोव्हेंबर २०१७ मध्ये पुन्हा द्यावा लागला.

दुसरा पदार्थ आहे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, थोडक्यात पीएमएमए. हा आपल्याला परका नाही. दातांची कवळी याचीच असते. हाड बसवण्याचे सिमेंट याचेच. मोतीबिंदूनंतर बसवायचे पहिले भिंगही याचेच होते. युद्धात विमानाच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, पण डोळ्याने त्यांच्याविरुद्ध फारशी तक्रार केली नाही, हे हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी हेरले आणि १९४९ मध्ये लंडनला त्या जातीच्या पदार्थाचे भिंग बसवले. फिलरमध्ये मात्र हा पदार्थ ३० ते ५० मायक्रॉन आकाराच्या लक्षावधी बारीक मण्यांच्या रूपात असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे मणी गाईपासून मिळवलेल्या कोलॅजेनमध्ये मिसळलेले असतात. कोलॅजेन काही महिन्यांत जिरते, मणी राहतात. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेने नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्यांसाठी याला मान्यता दिली. पुढे गालांवरच्या मुरुमांच्या खड्ड्यांसाठीही दिली. न विरघळणाऱ्यांपैकी तिथे मान्यता मिळालेला हा एकमेव फिलर आहे, आणि ती मान्यताही एवढ्याच जागांपुरती आहे. ओठांसाठी नाही, स्तनांसाठी नाही.

तिसरा गट पाण्याने फुगलेल्या जेलचा. पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल सोव्हिएत युनियनमध्ये आणि नंतर युक्रेनमध्ये वापरात आले. तिथून चीनमध्ये गेले. ते चेहऱ्यात आणि विशेषतः स्तनांत मोठ्या प्रमाणावर भरले गेले. संसर्ग, गाठी आणि जेल सरकण्याच्या तक्रारींनंतर २००६ मध्ये चीनने त्यावर बंदी घातली.

आजचा सर्वाधिक वापरला जाणारा फिलर या तिघांत बसत नाही. तो हायल्युरॉनिक आम्लाचा असतो. हे आम्ल आपल्या शरीरातही असते. हा फिलर साधारण सहा महिने ते दीड वर्षात जिरतो आणि चूक झालीच तर हायल्युरॉनिडेज नावाचे एन्झाइम टोचून तो विरघळवता येतो. डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी बधिरतेचे औषध नीट पसरावे म्हणूनही हेच एन्झाइम वापरतात. ‘फिलर विरघळतो’ असे लोक सांगतात ते या एका प्रकाराबद्दल. सिलिकॉन, पीएमएमए किंवा पॉलिअॅक्रिलामाइड यांना विरघळवणारे, माणसाला देता येईल असे काहीही आज उपलब्ध नाही. आपल्या बाईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

शरीर त्याचे काय करते?

इथे मोठमायचे गोंदण पुन्हा कामी येते. गोंदण टिकते कसे, हे कळले की फिलर का त्रास देतो हेही कळते.

सुईने काजळीचे कण कातडीच्या दुसऱ्या थरात जातात. तिथे आपल्या भक्षक पेशी पहारा देत असतात. बाहेरचे काही आले की त्या ते गिळतात. जंतू गिळला तर पचवतात. काजळी पचत नाही, म्हणून ती पोटात धरून बसतात. पण पेशी काही जन्मभर जगत नाही. मग गोंदण पुसट का होत नाही? २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की रंग धरलेली पेशी मेली की रंग मोकळा होतो, आणि लगेच शेजारी आलेली नवी पेशी तो गिळते. म्हणजे गोंदण हे एका पेशीत पडून राहिलेले रंगद्रव्य नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या हातोहात सांभाळलेली ती ठेव आहे.

लेझरने गोंदण काढतात तेव्हा रंगाच्या कणांचे आणखी बारीक तुकडे केले जातात आणि ते लसिकावाहिन्यांतून वाहून जातात. काही तुकडे लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. म्हणजे तिथेही ‘काढणे’ हा शब्द पूर्ण खरा नाही. पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीला लागलेली आमच्याकडची पोरे मंडईतल्या हौसेचे गोंदण काढायला चुना, बिब्बा, तेजाब असले काही लावतात. त्याने कातडी जळते, व्रण राहतो आणि बऱ्याचदा खालचा रंगही राहतो.

आता फिलर. भक्षक पेशीचे तोंडही शेवटी मापाचे. सुमारे पंधरा-वीस मायक्रॉनपर्यंतचे कण ती गिळू शकते. पीएमएमएचे मणी ३० मायक्रॉनहून मोठे ठेवतात ते याचसाठी, की पेशीने ते उचलून दुसरीकडे नेऊ नयेत. मग शरीर दुसरा उपाय करते. अनेक भक्षक पेशी एकत्र येऊन एक मोठी बहुकेंद्रकी पेशी बनते. कोलॅजेन विणणाऱ्या पेशी त्या मण्याभोवती धाग्यांचे वेष्टन घालतात. धानाच्या पोत्यात खडा सापडला तर आपण तो बाहेर फेकतो. शरीराला तो फेकता येत नाही, म्हणून ते त्याला गुंडाळून ठेवते. फिलर बनवणाऱ्यांना हे वेष्टन हवेच असते. गालाचा उठाव बराचसा त्या वेष्टनाचा असतो.

हे गुंडाळणे शांतपणे चालले तर त्रास नाही. ते आटोक्याबाहेर गेले की गाठ होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मोतीबिंदूचे गुळगुळीत, एकसंध भिंग डोळ्यासारख्या संरक्षित जागेत वर्षानुवर्षे निमूट राहते. तोच पदार्थ लक्षावधी मण्यांच्या रूपात, सतत हलणाऱ्या, रक्ताने भरलेल्या गालात गेला की शरीराशी त्याचा संबंध येणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. पदार्थ तोच, पण जागा आणि रूप वेगळे. म्हणून ‘भिंगात चालतो, म्हणजे गालातही चालेल’ हा युक्तिवाद टिकत नाही.

सिलिकॉनचे वागणे आणखी निराळे. ते तेल असल्यामुळे थेंबाथेंबांनी मांसपेशी आणि चरबीच्या मधल्या फटींतून पसरते. लहान थेंब पेशी गिळतात आणि नेतात, मोठे थेंब गुंडाळले जातात. त्यामुळे भरले एका जागी आणि गाठ निघाली दुसऱ्याच जागी, असे घडते.

धोके : लगेचचे आणि उशिराचे

सर्वांत भयंकर धोका सुई टोचतानाच असतो, आणि तो विरघळणाऱ्या फिलरलाही आहे. नाक आणि दोन भुवयांच्या मधली जागा इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. फिलर चुकून धमनीत गेला आणि दाबाने मागे ढकलला गेला तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद होऊन अंधत्व येऊ शकते. रक्ताविना हा पडदा तास-दीड तासापलीकडे तग धरत नाही. फिलर हायल्युरॉनिक असेल तर निदान विरघळवण्याचा प्रयत्न तरी करता येतो, कायमचा असेल तर तोही नाही. लाखांदूरहून नागपूर शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. कुणी इथे येऊन, एखाद्या खोलीत, स्वस्तात सुई टोचणार असेल तर त्या तास-दीड तासाचा हिशोब आधी करावा. धमनी बंद पडल्याने नाकाची किंवा ओठाची कातडी काळी पडून झडते, हा याच जातीचा दुसरा अपघात.

उशिराचे धोके महिन्यांनी किंवा वर्षांनी येतात. ग्रॅन्युलोमा हा त्यातला पहिला. दुसरा म्हणजे जंतूंचा थर. सुईबरोबर आत गेलेले थोडे जंतू फिलरच्या पृष्ठभागावर चिकट आवरण तयार करून त्यात दडून बसतात. प्रतिजैविके तिथपर्यंत नीट पोहोचत नाहीत, तपासणीला पाठवलेल्या नमुन्यात जंतू उगवतही नाहीत. मग दाताचे काम, सर्दी-ताप, दुसरा एखादा संसर्ग असे काही निमित्त होते आणि वर्षानुवर्षे शांत असलेला गाल अचानक सुजतो. डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या एका लसीच्या चाचणीत, पूर्वी फिलर घेतलेल्या काही स्वयंसेवकांचे चेहरे सुजल्याची नोंद झाली होती. तिथला फिलर कायमचा नसला तरी जागी झालेली प्रतिकारशक्ती जुन्या पाहुण्याची आठवण कशी काढते, हे त्यातून दिसते.

तिसरा धोका फारसा कुणी सांगत नाही. चेहरा वयाबरोबर बदलतो. गालांतली चरबी आटते, हाड झिजते, कातडी सैल होते. आत भरलेला मणी मात्र वयात येत नाही आणि वयाने उतरतही नाही. तिशीत शोभणारा उठाव पन्नाशीत भलत्याच जागी दिसतो. फिलर कायमचा असतो, चेहरा नसतो.

या सगळ्याला नुसता नट्टापट्टा म्हणून नाक मुरडणे मात्र बरोबर नाही. एचआयव्हीच्या जुन्या औषधांपैकी स्टॅव्हुडिनने अनेकांच्या गालांतली चरबी झडली. औषधाने जीव वाचवला, पण खोल गेलेले गाल पाहून लोक आजार ओळखू लागले. अशांना गाल भरून घ्यावेसे वाटले यात हौस कुठे आली? आमच्या विदर्भाने कुष्ठरोगाने बसलेली नाके पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. डॉ. नोशिर अँटिया हे हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेले मुंबईचे प्लास्टिक सर्जन. पुण्याजवळच्या कोंढवा कुष्ठरुग्णालयात त्यांनी अशा नाकांवर आणि चेहऱ्यांवर काम केले. आत आकसलेले अस्तर मोकळे करून तिथे रुग्णाचीच कातडी लावायची, हे त्यामागचे तत्त्व. गाव ज्याला चेहऱ्यावरून बाहेर काढते त्याला चेहरा परत मिळणे म्हणजे माणसांत परत येणे असते. आमच्या त्या नाटकातल्या बाईलाही काम चेहऱ्यावरच मिळत होते.

काढणे म्हणजे नेमके काय?

आता मूळ प्रश्न. पहिली पायरी ओळखण्याची. जुने कागद असतील तर उत्तम. नसतील तर उच्च वारंवारतेच्या सोनोग्राफीने बरेच कळते. सिलिकॉन पडद्यावर बर्फाच्या वादळासारखे पांढरे भुरभुरे दिसते, पाणीदार जेल काळ्या तळ्यासारखे. फिलर किती खोल आहे, चेहऱ्याच्या नसांपासून किती दूर आहे हे एमआरआयने समजते. गरज पडल्यास गाठीचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात : एकसारखी गोल भोके म्हणजे पीएमएमए, लहानमोठी वेडीवाकडी भोके म्हणजे सिलिकॉन.

दुसरी पायरी शांत करण्याची. संसर्गाची शंका असेल तर आधी प्रतिजैविके. संसर्ग नाही हे पाहिल्याशिवाय स्टेरॉइड देणे धोक्याचे, कारण ते प्रतिकारशक्तीच दाबते. मग गाठीत ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड, कधी त्यासोबत फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, काही आठवड्यांच्या अंतराने टोचतात. गाठ मऊ होते, लहान होते. अनेकांचे यावरच भागते. पण स्टेरॉइड जास्त झाले तर कातडी पातळ होऊन तिथे खड्डा पडतो. आणि मुख्य म्हणजे फिलर तिथेच असतो. शांत झाली ती त्याच्याभोवतीची धुमसणारी आग. ती पुन्हा पेटू शकते.

तिसरी पायरी खरोखर काढण्याची. जेल एका कप्प्यात साठलेले असेल तर जाड सुईने किंवा लहान छेदातून बरेचसे बाहेर येते. काही ठिकाणी लेझरच्या बारीक तंतूने गाठ आतून वितळवून छिद्रातून पिळून काढतात. घट्ट, वेगळी अशी गाठ असेल तर शस्त्रक्रियेने कापून काढता येते. शक्यतो तोंडाच्या आतून, म्हणजे बाहेर व्रण दिसत नाही. पण पीएमएमएचे मणी किंवा सिलिकॉनचे थेंब मांसात विखुरलेले असतील तर ते काढायचे म्हणजे मांसही काढायचे. विटेच्या चुऱ्यात कालवलेले वाळूचे कण वेगळे करावेत तसे ते काम आहे. शिवाय गालातून चेहऱ्याची नस जाते. ती दुखावली तर ओठ वाकडा होतो, पापणी मिटत नाही. म्हणून जाणते सर्जन बहुधा सगळे काढण्याचा हट्ट धरत नाहीत. त्रास देणारे तेवढे काढतात, उरलेले शांत ठेवतात.

म्हणजे उत्तर असे : काही काढता येते, काही शांत ठेवता येते, पूर्ण पूर्वीसारखे करून देण्याचा शब्द कुणी देऊ नये. जो देतो त्याच्यापासून सावध राहावे. घरचे उपाय इथे चालत नाहीत. हळदीचा लेप वरून लावला म्हणून आतला मणी विरघळत नाही, आणि गाठ चोळल्याने संसर्ग पसरू शकतो.

या कामासाठी प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघेही लागतात. त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही. देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभाग डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ च्या सुमारास सुरू केला तो आपल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात.

तीन वर्षांचा कागद, जन्मभराचा पदार्थ

भारतात फिलर हे पावडर-लिपस्टिकसारखे प्रसाधन नाही. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येणारे ते उपकरण आहे. ते टोचणे हे नोंदणीकृत डॉक्टरचे काम आहे, पार्लरचे नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम सांगतात की रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपली पाहिजे आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत दिली पाहिजे. हे ७२ तास फार मोलाचे आहेत. बहुतेकांना आपला हा हक्क ठाऊकच नसतो.

पण हिशोब मांडून पाहा. नोंद जपायची तीन वर्षे. गाठ आली पाचव्या, सहाव्या किंवा दहाव्या वर्षी. तोवर दवाखान्याने कागद टाकून दिला तरी नियमाने त्याला विचारता येत नाही. कागदाचे आयुष्य आणि पदार्थाचे आयुष्य यांत ही जी दरी आहे, तिच्यात आमची ती बाई पडली. कायमस्वरूपी पदार्थांच्या नोंदी कायम ठेवण्याचा नियम झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तो होईपर्यंत ही दरी रुग्णालाच भरावी लागणार.

म्हणून कुणी फिलर घेणारच असेल तर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : पदार्थाचे पूर्ण नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक, कोणत्या जागी किती मिलिलिटर भरले, आणि टोचणाऱ्या डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक. इंजेक्शनच्या डब्यावर बहुधा सोलून काढता येणारी चिकटपट्टी असते. ती मागून घेऊन वहीत चिकटवावी. डबा आपल्यासमोर उघडायला सांगावे. ‘‘हे विरघळवता येतं का, आणि विरघळवायचं औषध इथं आत्ता ठेवलेलं आहे का?’’ हा प्रश्न सुई टोचण्याआधी विचारावा. ज्यांनी पूर्वी घेतले आहे त्यांनी दात काढण्याआधी, चेहऱ्यावर लेझर करण्याआधी, सोनोग्राफीच्या वेळी ही गोष्ट डॉक्टरांना सांगावी. लाज वाटून लपवलेल्या फिलरमुळे निदान चुकते. गाठ कॅन्सरची समजून भलती धावपळ होते. उपकरणामुळे इजा झाली तर ती कळवण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरियोव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रम आहे, आणि फसवणुकीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

त्या बाईची सोनोग्राफी झाली. पडद्यावर बर्फाचे वादळ दिसले. चिठ्ठीवर न लिहिलेले नाव असे सहा वर्षांनी कळले : सिलिकॉन. गाठीत चार वेळा इंजेक्शने झाली. एक मोठी गाठ तोंडाच्या आतून काढली. उरलेल्यांना डॉक्टरांनी हात लावला नाही. लाली गेली आहे, डावा गाल थोडा खोल आहे. तिने शंभर पानी वही घातली आहे. पहिल्या पानावर पदार्थाचे नाव, पुढे सोनोग्राफीची तारीख, मग इंजेक्शनांच्या तारखा. ही वही कुठे ठेवली आहे ते तिने आपल्या मुलीला दाखवून ठेवले आहे.

मोठमायच्या हातावर काय आहे आणि ते कुणी केले, हे अख्ख्या गावाला माहीत होते. आपल्या कातडीखाली जे जन्मभर राहणार आहे, त्याचे निदान नाव तरी आपल्याला माहीत असावे. यंदाच्या मंडईत ती बाई पुन्हा रंगमंचावर दिसणार आहे, सासूच्या भूमिकेत.